टॅनी हेस्टरच्या आधी

रीटपुट,
११ जून २०१९

प्रिय डीनी,

हे पत्र लांबलं तर दोष तुझा. बावीस वर्षांत तू मला बावीस नाताळकार्डं पाठवलीस आणि प्रत्येकावर छापील शुभेच्छांखाली एकच शब्द लिहिलास: 'डीनी'. इतकी काटकसर सूत्रकारांनाही साधली नाही. मी मात्र भाष्यकारांच्या पंथातली, हे तुला वर्गात पहिल्या बाकावर बसून सोसावं लागलंच आहे. तेव्हा चहा कर, त्यात बुडवायला रस्क घे, आणि बस. मध्येच कोणाच्या घरी बाळ यायला निघालं तर पत्र बाजूला ठेवून जा. ते मला चालेल. न वाचता कपाटात टाकलंस तर चालणार नाही.

विषय बटाट्याचा आहे. हो, तोच. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणारा तो दगडी गोळा, कागदोपत्री कुठल्याशा ग्रीक देवीच्या नावाचा, पण आपल्या गावानं पहिल्याच दिवशी त्याचा बटाटा करून टाकला. शास्त्रज्ञ त्याला लघुग्रह म्हणतात. दोनशे किलोमीटरहून लांब धोंडा, रीटपुटवर आणून ठेवला तर शेजारच्या तीन गावांच्या मेंढ्या त्याखाली जातील, आणि म्हणे लघु! नावं ठेवणाऱ्यांचाही विनय असतो एकेक.

तर गेल्या महिन्यात केप टाउनहून डॉ. माबूझा नावाच्या बाईंची मेल आली. जुन्या पिधानांच्या, म्हणजे असल्या दगडांनी तारे झाकल्याच्या, नोंदी त्या पुन्हा तपासताहेत. ताऱ्यांच्या जागा आता इतक्या काटेकोर मोजल्या गेल्यात की, १९९७ च्या मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी बटाट्याची सावली आपल्या कुठल्या कुंपणावरून कितव्या सेकंदाला सरकली, हे मागे जाऊन गणितानं सांगता येतं. बाईंनी ते केलं. आणि अतिशय नम्रपणे विचारलंय (हा नम्रपणा मला हल्ली सोसवत नाही, का ते कळेलच): रीटपुटच्या सहा ठिकाणांपैकी पाच ठिकाणच्या वेळा आमच्या गणिताशी जुळत नाहीत. सहाव्या ठिकाणाची नोंद खोडलेली दिसते. ती कोणाची होती, आणि कोणी, का खोडली? उत्तर तीस जूनच्या आत हवंय. मग यादी बंद होईल आणि आहे ते तसंच कायम राहील. सहावं ठिकाण म्हणजे तू. खोडणारी मी. तुझी नोंद परत जागेवर बसायची तर तुझी सही लागते, आणि तू तर माझ्याशी एका वेळी एका शब्दापलीकडे बोलत नाहीस. आता कळलं, डोकं का फिरलंय माझं?

परवा शाळेत हा सगळा प्रकार मुलांना सांगायला गेले, तर त्यांना टेलिफोनची सामायिक तार म्हणजे काय हेच पटेना. सगळ्या शेतांना मिळून एक तार, प्रत्येक घराची घंटा निराळी, दोन लांब एक आखूड वगैरे, आणि घंटा कोणाचीही असो, रिसीव्हर सगळेच हळूच उचलणार. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "म्हणजे ग्रुपच की, बाई!" म्हटलं, ग्रुपच, फक्त त्यातून बाहेर पडायची सोय नव्हती. पण तारेवरची रीत मी त्यांना सांगितली नाही, कारण ती सांगायची तर बरंच काही सांगावं लागलं असतं. तुला आठवत असेल. आधी टॅनी हेस्टर, अख्ख्या गावाची मावशी, बोलणार. त्यांचं झालं की गावाचे काका, ऊम स्टोफेल, कारण चर्चमध्ये ते पहिल्या रांगेत बसत. मग नेल बंधू, थोरला आधी, धाकटा नंतर. मग शाळेची बाई, म्हणजे मी, परकी पण शिकलेली. आणि मजुरांच्या घरांतलं कोणी असेल तर सगळ्यांचं संपल्यावर, टोपी काढून. टेलिफोनवर टोपी दिसत नाही. तुझे वडील तरी काढायचेच.

लेसोथोतली शाळा सोडून मला इथे येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ही रीत मी व्याकरणासारखी घोकली होती आणि आपल्याला ती चांगली येते याचा मला अभिमानही होता. माणूस परक्या गावात गेला की आधी तिथल्या खोडी शिकतो आणि त्यांनाच तिथली संस्कृती समजतो. आमच्या वडिलांनी मला आठ वर्षं संस्कृत शिकवलं ते बहुधा याच कामासाठी: कोणी कोणाच्या आधी यायचं, हे न चुकता पाठ करायला.

त्या आठवड्याची धांदल आठव. वेधशाळेची गाडी सहा छोट्या दुर्बिणी ठेवून गेली होती. सहा ठिकाणी सहा माणसं एकाच ताऱ्याकडे बघणार. बटाटा त्या ताऱ्यावरून जाताना तारा विझणार, काही सेकंदांनी पुन्हा पेटणार. प्रत्येकानं आपापली वेळ दिली की सहा रेषा मिळणार, आणि रेषा एकाखाली एक मांडल्या की कोणी कधी जवळून न पाहिलेल्या त्या दगडाचा आकार कागदावर उमटणार. इतकी सुंदर युक्ती मी त्याआधी पाहिली नव्हती. चर्चच्या सभागृहात मी सगळ्यांना समजावलं: याला आमच्याकडे पिधान म्हणतात, म्हणजे झाकण. टॅनी हेस्टर म्हणाल्या, "झाकण? पातेल्यावरचं?" "हो टॅनी, तसंच. दगड ताऱ्यावर झाकण ठेवतो." "आणि मग काढतो?" "तेरा-चौदा सेकंदांनी." "मग ठेवतो कशाला मेला?" 

सेकंद मनातल्या मनात मोजायला मी तुम्हाला देव शब्द चालवायला शिकवलं, देवः देवौ देवाः, एका विभक्तीला बरोबर दोन सेकंद. ऊम स्टोफेलना शंका आली, "ही कुठली मूर्तिपूजकांची प्रार्थना तर नाही ना, बाई?" मी म्हटलं, "नाही हो, देवाचं नाव आहे, आठही अवस्थांमधलं." त्यावर खूश होऊन ते रविवारभर पुटपुटत हिंडले. तुला मात्र ते दोन दिवसांत मुखोद्गत झालं. दुकानदार तापानं आडवा झाला आणि सहावी दुर्बीण रिकामी राहिली, तेव्हा ती तुला द्यायची हे मी एका मिनिटात ठरवलं. अकरावीतली मुलगी आणि एवढं महत्त्वाचं काम, म्हणून नेल बंधूंनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, तारा तिला तुमच्या दोघांच्या आधी सापडतो. एवढं तरी खरं बोलले होते, त्याचा आता आधार वाटतो.

तू आणि वडील ऊम स्टोफेलच्या लांबच्या रानातल्या, मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये, कारण तिथे भिंतीवर फोन होता. बाकीचे आपापल्या व्हरांड्यात, खिडकीतून रिसीव्हर बाहेर ओढून. गावात एक्सचेंजवर लेत्ती, एका कानाशी तार, शेजारी रेडिओवरचे सेकंदाचे ठोके, समोर टेप सुरू. तारा गेला की 'गेला' म्हणायचं, दिसला की 'आला'. एवढंच. कोणाची वाट बघू नका, हे एक वाक्य मात्र मी सांगितलं नाही. ते सांगावं लागेल असं मला सुचलंच नाही, डीनी. शाळेत दोन मिनिटं उशिरा आलेल्या पोराला मी कारण विचारते. हे कारण विचारायला मला बावीस वर्षं लागली.

सात वाजून बारा मिनिटांनी तू ओरडलीस, "गेला!" आणि लगेच देवः देवौ देवाः सुरू. तारेवर नुसती खरखर. मग चार सेकंदांनी टॅनी हेस्टर, सावकाश, हवापाण्याची चौकशी करावी तसं, "गेला." त्यामागोमाग ऊम स्टोफेल, मग थोरले नेल, धाकटे नेल, मग मी. मध्ये कुठेतरी तुझ्या वडिलांचा आवाज, "शूः, डीनी! टॅनी बोलताहेत!" आणि तू तरीही मोजतेयस. तारा परत दिसला तेव्हाही तेच: आधी तू, मग चार सेकंदांनी रांग.

पुढचं आठवून तू आत्ता ओठ मिटले असशील. सहा रेषा काढल्या. पाच एकमेकींना धरून, जराशा पायऱ्यापायऱ्यांसारख्या सरकलेल्या; गाव म्हणालं, दगडच तो, ओबडधोबड असणारच. आणि तुझी रेषा चार सेकंद आधीची, म्हणजे बटाट्याच्या कडेबाहेर साठ किलोमीटर लोंबणारी. तो कागद सभागृहात लावला आणि पंधरा मिनिटांत त्याचं नाव पडलं, 'डीनीची जीभ'. धाकटे नेल दर रविवारी त्यासमोर उभे राहून स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवायचे. त्यांनीच मला विचारलं, "बाई, बटाट्याला जीभ असते का हो?" आणि मी हसले. ते हसू मला चांगलं आठवतं, कारण पहिल्यांदाच मी या गावात सगळ्यांबरोबर हसले होते.

तुझे वडील टॅनींच्या मागच्या दारी माफी मागायला गेले, हे तुला माहीत आहे. ते माझ्याकडेही आले होते, हे बहुधा नसेल. टोपी हातात गोल फिरवत म्हणाले, "डीनी खोटं बोलत नाही, बाई. आधी बोलते एवढंच." माझ्यासमोर संपूर्ण उत्तर उभं होतं, एका मेंढ्या कातरणाऱ्या माणसाच्या तोंडून, दोन वाक्यांत. मी त्यांना कॉफी दिली आणि म्हटलं, "काळजी करू नका, मी तिला समजावते."

आणि समजावलं. वर्गात, सगळ्यांसमोर. "डीनी, निरीक्षण म्हणजे कल्पना नव्हे." तू म्हणालीस, "गेला तेव्हा गेला म्हणाले, बाई. तुम्हीच तसं सांगितलं होतं." मी म्हटलं, "पाच जण चुकले आणि तू एकटी बरोबर?" तू जरा विचार केलास. उद्धटपणानं नाही, खरोखर विचार केलास, आणि म्हणालीस, "असू शकतं की, बाई." वर्ग हसला. मी तुला बाहेर उभं केलं. त्याच संध्याकाळी रबर घेऊन तुझी जीभ खोडली, त्याच कागदावर उरलेल्या पाच रेषांचा बटाटा गिरवला आणि वेधशाळेला पाठवून दिला. डिसेंबरात त्यांच्या विद्यार्थी शिबिरासाठी रीटपुटमधून एक नाव हवं होतं, 'काटेकोर निरीक्षण करणारा विद्यार्थी' असं. मी कोणाचंच नाव पाठवलं नाही. जुलैत तू आत्याकडे अपिंग्टनला गेलीस आणि परत आलीस ती थेट वडिलांच्या दफनाला. तेव्हा आपण दोघी चर्चच्या पायरीवर उभ्या राहून वाऱ्याबद्दल बोललो. वारा होता खरा.

खरं सांगू? रागावले आहे ती तुझ्यावरही. इतकी उद्धट होतीस तर पुरती उद्धट व्हायचं होतंस. दार आपटायचं, टॅनींच्या अंगणात जाऊन ओरडायचं, मला पत्रांवर पत्रं पाठवून छळायचं. एकदा बोललीस आणि मग बावीस वर्षं छापील शुभेच्छा! आता तू दाई आहेस. बाळ बाहेर आलं की घड्याळाकडे बघून तू वेळ सांगतेस आणि कोणी म्हणत नाही की, थांब, आधी आजीबाईंना सांगू दे. आमच्याकडे जन्मवेळ चार मिनिटं हलली तर पोरीची पत्रिका बिघडते, तिचं लग्न अडतं. तुझ्या हातच्या मुलींचं काही अडणार नाही. मला त्यांचा हेवा वाटतो.

तर ही मेल आली तेव्हा मी लेत्तीकडे गेले. तिनं ती टेप बिस्किटाच्या डब्यात, लग्नाच्या फोटोंबरोबर जपून ठेवली होती. "माझा आवाज आहे ना त्यात," म्हणाली. त्यात तिचा आवाज एवढाच आहे: "शांतता, टेप सुरू." आम्ही ती चार वेळा ऐकली. मग ती आणि टेपरेकॉर्डर घेऊन मी गावातल्या वृद्धाश्रमात टॅनी हेस्टरकडे गेले. नव्वद वर्षांच्या आहेत, कानात मोठं यंत्र, पण जीभ अजून त्यांचीच. पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या, "ही कोण ओरडतेय?" म्हटलं, "डीनी. पीट एसाऊची." "आणि ही म्हातारी?" "तुम्ही, टॅनी." "मी तेव्हा एवढी म्हातारी नव्हते. पुन्हा लाव." पुन्हा लावली. मग मी विचारलं, "टॅनी, तुम्हाला तारा नेमका कधी गेलेला दिसला, आठवतं?"  "तारा? अगं, मी स्वयंपाकघरात होते. दुधाचा टार्ट ओव्हनमध्ये होता, वरून करपायला लागला होता. आत जाऊन काढला, बाहेर आले, फोन उचलला, तर ही पोरगी 'गेला' म्हणतेय. म्हटलं, गेला असेल. मग मीही म्हणाले." "आणि आला?" "तेही तिचं ऐकूनच की. तिचा आवाज खणखणीत होता." मी म्हटलं, "टॅनी, बाकीचे सगळे तुमच्यासाठी थांबले होते." तर म्हातारी उखडलीच. "माझ्यासाठी? कोणी सांगितलं होतं थांबायला? मी काय चर्चची घंटा आहे?" सगळा वृद्धाश्रम वळून बघायला लागला. "चार धडधाकट माणसं, डोळ्याला दुर्बीण लावून, आणि म्हातारीचा टार्ट होईपर्यंत गप्प! आणि त्या पोरीला जीभ म्हणाले?" मग हळू आवाजात, "पीट माझ्या मागच्या दारी आला होता माफी मागायला. मी त्याला माफ केलं. काय माफ केलं गं मी?"

ऊम स्टोफेल गेले, थोरले नेलही गेले. धाकटे नेल साठीला टेकलेत. त्यांना गाठलं, तर टोपी मागे सारून म्हणाले, "बाई, थोरला बोलल्याशिवाय मी कसा बोलणार? थोरला ऊम स्टोफेलच्या आधी कसा बोलणार? तुम्ही शाळेच्या बाई ना, तुम्हाला हे कळायला हवं होतं." मी म्हटलं, "आणि तारा?" म्हणाले, "तारा तर केव्हाच गेला होता." केव्हाच! बटाटा तिकडे दर सव्वाचार वर्षांनी सूर्याला एक फेरी घालतो, कोणासाठी रेंगाळत नाही. आणि आम्ही त्याच्या कडेला पायऱ्या काढून ठेवल्या, एकेक पायरी एकेकाच्या मानाची. बावीस वर्षं तो आकार शास्त्रीय यादीत बसलाय. जगात कुठे कोणी त्या दगडाचा अभ्यास करत असेल, तर त्या बिचाऱ्याला माहीत नाही की, तो रीटपुटची बसण्याची व्यवस्था अभ्यासतोय.

आता यातून चार ठिकाणांचा उलगडा झाला: टॅनी, ऊम स्टोफेल, नेल आणि नेल. पाचव्या ठिकाणाबद्दल मी अजून काही लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. तुझ्या लक्षात येत नाही असं फार थोडं असतं. डॉ. माबूझांनी एक फॉर्म पाठवलाय. प्रत्येक निरीक्षकानं आपण काय पाहिलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं आहे. माझा मी काल भरला. वेधशाळेनं तो वाचायच्या आधी तू वाचावास, म्हणून हे पत्र. त्यात लिहिलंय ते असं: माझ्या दुर्बिणीत तारा विझला त्याच क्षणी माझ्या कानात डीनी एसाऊचा आवाज आला. आधी नाही, नंतर नाही. मी तोंड उघडलं होतं. मग आठवलं, टॅनी अजून बोलल्या नाहीत. त्या रविवारी त्यांनी मला दोन वर्षांत पहिल्यांदाच व्हरांड्यात कॉफीला बोलावलं होतं. मी तोंड मिटलं आणि माझी पाळी येईपर्यंत, सहा सेकंद, एका विझलेल्या ताऱ्याकडे बघत राहिले. म्हणजे ती रेषा मी खोडली तेव्हा ती बरोबर आहे हे मला माहीत होतं, डीनी. वर्गात तुला बाहेर उभं केलं तेव्हाही माहीत होतं. बाकीच्यांची चूक झाली. माझी चूक नव्हती. माझी नोंद मी मागे घेतली आहे, आणि या कारणासकट. यादीत आता रीटपुटची एकच रेषा राहील. एका रेषेवरून कशाचाच आकार निघत नाही, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं, पण डॉ. माबूझा म्हणतात, तो दगड त्या संध्याकाळी नेमका कुठे होता, हे सांगायला तेवढी पुरते. तुझा फॉर्म सोबत आहे, सही खाली उजवीकडे. करायची नसेल तर करू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण मग का नाही, ते मला लिही. आणि या खेपेला एका शब्दात नको. माझ्याबद्दल जे म्हणायचं असेल ते सगळं लिही, आणि लिहिताना माझ्या वयाचा, मानाचा, उपकारांचा, कशाकशाचा विचार करून क्षणभरही थांबू नकोस.

तुझीच,
मैथिलीबाई